पीप साइट बसवल्यावर ग्रुप वर जातो: पुढची साइट किती उंच हवी?

प्रश्न

माझ्याकडे बॅरल मोडून भरण्याची, स्प्रिंगवर चालणारी ४.५ मिमीची एअर रायफल आहे. तिच्यावर मूळची खाचेची मागची साइट आणि पुढे साधी माशी, म्हणजे नेम धरायची उभी पट्टी, होती. दहा मीटरवरील कागदी टार्गेटचा सराव वाढल्यावर मी खाचेची साइट काढली आणि रिसीव्हरवरील (बॅरलमागच्या मुख्य भागावरील) ११ मिमीच्या डवटेलवर, म्हणजे साइट पकडणाऱ्या खोबणीवर, वेगळी घेतलेली पीप साइट (बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट) बसवली. पुढची माशी मात्र मूळचीच ठेवली. अडचण अशी आहे, की उंचीचा नॉब फिरवून पीप अगदी तळाला आणली तरी ग्रुप, म्हणजे पेलेटच्या (छऱ्यांच्या) छिद्रांचा पुंजका, टार्गेटच्या केंद्रापासून सुमारे ६० मिमी वर पडतो. आडव्या दिशेने तो जवळपास मधोमध आहे. पीप आणि माशी यांच्यामधील अंतर ६५० मिमी भरते, आणि नेम मी काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर धरतो. पीपचा तळ घासून ती आणखी खाली आणावी, की पुढची साइट बदलावी? बदलायची असल्यास तिची उंची कशी ठरवावी?

प्रतिसाद १

पीपचा तळ कृपया घासू नका. घासलेला भाग परत येत नाही आणि डवटेल पकडणाऱ्या जबड्याचा कोन बिघडला, तर साइट पुढे कधीच घट्ट बसणार नाही.

दोष पीपमध्ये नसून जोडीमध्ये आहे. खाचेची साइट बॅरलला लागून, ठेंगणी असते आणि माशीची उंची तिच्याशीच जुळवलेली असते. रिसीव्हरवर बसणाऱ्या पीपचे छिद्र त्या मानाने पुष्कळ उंच असते. मागचे टोक उंच आणि पुढचे ठेंगणे असताना आपण दोन्ही एका रेषेत आणले, की बॅरलचे तोंड आपोआप वर उचलले जाते आणि पेलेट वर लागते. मागची साइट ज्या दिशेला सरकवावी त्याच दिशेला ग्रुप सरकतो, पुढची सरकवली तर तो उलट दिशेला जातो. म्हणून तुमच्या बाबतीत मागचे खाली आणणे किंवा पुढचे वर उचलणे असे दोनच मार्ग उरतात, आणि पहिला संपलेला आहे.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दोन साइट्समधील अंतराला टार्गेटवरील चुकीने गुणावे आणि टार्गेटच्या अंतराने भागावे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घेतल्यास ६५० गुणिले ६० भागिले १०,००० म्हणजे ३.९ मिमी. नवी पुढची साइट माशीच्या टोकापेक्षा किमान एवढी उंच हवी. घेताना टनेल साइट, म्हणजे आत बदलत्या कड्या बसणारी नळीसारखी पुढची साइट, घ्या. पीपबरोबर माशीपेक्षा कडी कितीतरी सोयीची असते.

प्रतिसाद २

वरील सूत्र बरोबर आहे, परंतु ३.९ मिमी हा आकडा तुम्ही माशीच वापरणार असाल तरच लागू पडेल. माशी काळ्या वर्तुळाच्या खाली धरली जाते. कडी मात्र वर्तुळाभोवती, मधोमध धरली जाते. आंतरराष्ट्रीय मापाच्या दहा मीटर एअर रायफल टार्गेटचे काळे वर्तुळ ३०.५ मिमी व्यासाचे असते, म्हणजे कडी लावताच तुमचा नेम सुमारे १५ मिमी वर सरकेल आणि ग्रुपही तेवढाच वर जाईल. दुरुस्ती ६० मिमीची न राहता ७५ मिमीची होते, आणि उंचीतील फरक ४.९ मिमी येतो. हे माप जुन्या माशीच्या टोकापासून नव्या कडीच्या केंद्रापर्यंत घ्यायचे आहे, टनेलच्या वरच्या कडेपर्यंत नाही. ही गल्लत बऱ्याच जणांची होते.

शिवाय नेमके ४.९ मिमी साधले, तर शून्य जुळेल, म्हणजे ग्रुप केंद्रावर येईल, पण पीप तळालाच टेकलेली राहील आणि पेलेटचा प्रकार बदलून ग्रुप थोडा वर गेला, की तुम्ही पुन्हा अडकाल. म्हणून मी ६ मिमीच्या आसपासचा फरक निवडेन. मग पीप तळापासून एक मिलिमीटरहून थोडी अधिक वर येईल आणि दोन्ही बाजूंना फिरवायला जागा उरेल. तयार साइटची उंची कमी पडत असेल, तर तिच्याखाली बसणारे उंचीचे ठोकळे मिळतात. मात्र पुढे ठोकळ्यांची चळत रचण्यापेक्षा योग्य उंचीची एकच साइट केव्हाही बरी.

प्रतिसाद ३

हिशेब झाला असल्याने मी बसवण्याविषयी लिहितो. काम करताना रायफल कॉक केलेली (स्प्रिंग चढवलेली) नाही आणि बॅरल रिकामी आहे हे आधी पाहून घ्यावे.

स्प्रिंगच्या रायफलला दुहेरी धक्का बसतो: आधी मागे, आणि पिस्टन शेवटी आपटला की पुढे. या धक्क्यांनी रिसीव्हरवर बसवलेली वस्तू हळूहळू मागे सरकत जाते. डवटेलवरचे तेल पूर्ण पुसून टाका, पीपच्या तळाशी अडणीचा स्क्रू असेल तर तो रिसीव्हरवरील छिद्रात उतरवा, आणि पकडीचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास साइट तिरकी बसते. डवटेलवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली, तर ती सरकली की नाही हे नंतर एका नजरेत कळते.

दुसरी गोष्ट तुमच्या रायफलच्या जातीची आहे. मूळच्या दोन्ही साइट्स बॅरलवरच होत्या, त्यामुळे बॅरल बिजागरीवर किंचित वेगळी बसली तरी साइट्स तिच्याबरोबरच हलत असत. आता पुढची साइट बॅरलवर आणि मागची रिसीव्हरवर आहे. बॅरल दर वेळी त्याच जागी बंद झाली नाही, तर ग्रुप उभा पसरेल आणि त्याचा दोष तुम्ही पीपला द्याल. बॅरल बंद केल्यावर तिच्या तोंडाला हलकेच वर-खाली दाबून पाहा. खेळ जाणवला, तर आधी बिजागरीचा बोल्ट तपासावा. नाही तर साइटवरचे सारे श्रम वाया जातील.

पुढची टनेल उभ्या रेषेत आहे का, हे ओळंब्याने पाहावे. रायफल शिकंज्यात मऊ कापड घालून धरा, रिसीव्हर समतल करा, आणि समोर टांगलेल्या दोरीशी टनेलमधील कडीचा उभा दांडा जुळतो का ते पीपमधून पाहा. टनेल तिरकी असेल, तर डोळा नकळत रायफलच तिरकी करून ती सरळ दाखवतो. रायफल उजवीकडे कलली की पेलेट उजवीकडे आणि थोडे खाली लागते, आणि मग आडव्या नॉबचे क्लिक (खटके) मोजत बसावे लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बॅरलला खेळ नाही, तेवढे आत्ताच पाहिले. टनेल साइट ६ मिमीच्या हिशेबाने घेतो. कडीचा आतील व्यास किती असावा, आणि क्लिकची सुरुवात कशी करावी?

प्रतिसाद २

डोळ्यापासून कडी साधारण पाऊण मीटरवर येईल. तेवढ्या अंतरावर ३०.५ मिमीचे वर्तुळ सुमारे २.३ मिमी एवढे दिसते. कडी त्याहून स्पष्टपणे मोठी हवी, ३.६ ते ४ मिमीपासून सुरुवात करा. काळ्याभोवती पांढऱ्या प्रकाशाची चांगली रुंद पट्टी दिसली पाहिजे. अरुंद पट्टी अचूक वाटते, पण ती डोळ्याला थकवते आणि नेमबाज ट्रिगर दाबायला कचरू लागतो. माझ्या मते लहान कडीचा मोह हा नवशिक्यांचा सर्वांत चिवट मोह आहे.

क्लिकसाठी आपल्या पीपचे माप तिच्या माहितीपत्रकात पाहा. समजा एका क्लिकला छिद्र ०.०२ मिमी सरकत असेल, तर ६५० मिमी अंतरावर तो टार्गेटवर ०.३ मिमी होतो. या टार्गेटवर एका गुणरेषेपासून पुढची गुणरेषा २.५ मिमीवर असते, म्हणजे एका गुणासाठी सुमारे आठ क्लिक. एका पेलेटवर कधीही नॉब फिरवू नका. पाच पेलेटचा ग्रुप मारून त्याचा मध्य काढा. नॉबवरील बाण काही साइट्सवर ग्रुप कुठे जाईल ते दाखवतात, तर काहींवर कोणती चूक सुधारायची ते, म्हणून एकदा वीस क्लिक फिरवून दिशा स्वतः पाहून घ्या. दिशा उलटवताना दोन-तीन क्लिक पुढे जाऊन परत या, म्हणजे स्क्रूमधील ढिलाई निघून जाईल.

प्रतिसाद ३

एक राहिले. स्क्रूंवर पकड धरणारे द्रावण लावायचेच असेल, तर ते सौम्य प्रतीचे, एक थेंब, आणि शून्य पक्के झाल्यावरच लावावे.