अर्धशिशी, पाळी जाण्याचा काळ आणि एचआरटी: ऑरा असताना जेल किंवा पॅच वापरलेल्या कुणी आहात का?

शमा_नाशिक
वय 48. अर्धशिशी कॉलेजपासून आहे, पण तिची वेळ ठरलेली असायची. पाळीच्या आदल्या दिवशी डोकं धरायचं, दुसऱ्या दिवशी उतरायचं. आता पाळीच पुढेमागे होते, त्यामुळे डोकं कधी उठेल याचा नेम नाही. रात्री गरम वाफा, घामाने गाऊन ओला, झोप मोडते आणि पहाटे डावं कानशील ठणकायला लागतं. कधीकधी दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमचमणारी नागमोडी रेघ येते, अर्ध्या तासाच्या आत जाते. यालाच ऑरा म्हणतात.

गायनॅक म्हणतात, एचआरटी, म्हणजे पाळी जाताना कमी होणारे हॉर्मोन बाहेरून देणं, सुरू करू: इस्ट्रोजेनचं जेल आणि प्रोजेस्टेरॉन. न्यूरोचे डॉक्टर म्हणतात, ऑरा आहे तर हॉर्मोन नकोत. दोघांवरही माझा विश्वास आहे, म्हणून जास्तच कोंडी झालीय. शाळेत शिकवते, रजा संपत आल्यात. लेप, सुंठ, पादाभ्यंग सगळं चालू आहे, त्यामुळे औषधांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वैदेही_लेस्टर
शमाताई, मलाही ऑरा आहे आणि मी पॅचवर (कातडीवर चिकटवायची हॉर्मोनची पट्टी) आहे. दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात ते मला इथे इंग्लंडमध्ये समजावून सांगितलं गेलं, तेच लिहिते.

ऑरा असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे पक्कं आहे. पक्षाघाताचा धोका वाढतो. पण एचआरटीतलं इस्ट्रोजेन वेगळं असतं, मात्रा त्या गोळ्यांपेक्षा बरीच कमी. शिवाय तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. पॅच किंवा जेल कातडीतून थेट रक्तात जातं, ही पायरीच टळते. म्हणून ऑरा असलेल्यांना एचआरटी सरसकट बंद नाही. द्यायची तर कातडीतून, आणि कमीत कमी मात्रेपासून. बीपी, सिगारेट, आधी गुठळी झालेली असणं, हे सगळं मात्र डॉक्टरांनी तपासायला हवं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: डोकं उठतं ते इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे नाही, ते धाडकन खाली आल्यामुळे. पाळी जायच्या काळात ते रोज वरखाली होतं, म्हणून ही वर्षं सर्वात वाईट. त्यामुळे पातळी स्थिर ठेवणं हेच उद्दिष्ट. पॅच आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. जेल रोज, त्याच वेळेला. चुकवाचुकव झाली की डोकं ठरलेलंच.

सुरू केल्यावर पहिले काही आठवडे दुखणं वाढूही शकतं. पण ऑरा आधीपेक्षा जास्त वेळा यायला लागला तर वाट बघू नका, लगेच कळवा. बहुतेक वेळा मात्रा जास्त झालेली असते.

चिंचेचं_झाड
पाळी पूर्ण थांबून वर्ष-दोन वर्षं झाली आणि माझं डोकं खरंच शांत झालं. पुष्कळ जणींचं होतं. तुमचंही होवो.

काउंटरमागून
मी औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. शमाताई, महिन्यातून किती दिवस वेदनाशामक घेता? तुम्ही ते लिहिलं नाहीत आणि मला त्याचीच काळजी वाटते. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास औषधं) किंवा कॅफिन मिसळलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग हॉर्मोन कितीही नीट लावा, फरक दिसत नाही. कॅलेंडरवर तीन खुणा करा: दुखलं, गोळी घेतली, पाळी. दोन्ही डॉक्टरांना तोच कागद दाखवा.

सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान दिलं असेल तर दुखायला लागल्या लागल्या घ्या. चमचम चालू असताना घेऊन उपयोग होत नाही, दुखणं सुरू झाल्यावर घ्या. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान चालत नाही. मळमळीत गोळी टिकत नसेल तर नाकात मारायचा स्प्रे मिळतो.

शमा_नाशिक
खूप आभार. गोळ्या मोजायला आजपासून सुरुवात. दोन भीती अजून आहेत. एक, स्तनाचा कॅन्सर. दुसरी म्हणजे नणंद बीडकडची, ती म्हणते पिशवी काढून टाक, डोकं कायमचं थांबेल.

डॉ_मेघना
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पिशवीचं आधी. अर्धशिशीसाठी पिशवी काढू नका, ही कळकळीची विनंती. हॉर्मोन पिशवी तयार करत नाही, अंडाशय करतं. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं आणि डोकेदुखी बहुधा वाढते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला होता. त्यानंतरही हा सल्ला घराघरांत दिला जातो, याचं वाईट वाटतं.

कॅन्सरची भीती मुख्यतः 2002 मध्ये थांबवलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि औषधं तोंडाने दिली जात होती. दोन हॉर्मोन एकत्र घेणाऱ्यांत वर्षाला दर 10,000 बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे 8 रुग्ण जास्त आढळले. धोका शून्य नाही, पण साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत एचआरटी सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त असतो. घरात आई-बहिणीला झाला असेल तर आधी सांगा.

पिशवी असल्यामुळे तुम्हाला प्रोजेस्टेरॉन लागेलच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. ते महिन्यातले काही दिवस घेऊन थांबवल्यावर काहींचं डोकं उठतं. तसं झालं तर रोज घ्यायचं किंवा हॉर्मोनची तांबी बसवायची, हे पर्याय विचारा. हॉर्मोन नकोच असं ठरलं तर व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध गरम वाफा आणि अर्धशिशी दोन्हीला मदत करू शकतं. न्यूरोच्या डॉक्टरांना त्याबद्दल आणि "कातडीतून कमी मात्रेत चालेल का" याबद्दल स्पष्ट विचारा. त्यांचं उत्तर लेखी घेऊन गायनॅककडे जा.

अचानक विजेसारखं तीव्र दुखलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा ऑरा तासाभरापेक्षा जास्त टिकला तर थेट हॉस्पिटल.

वैदेही_लेस्टर
आणि नवरात्रात निर्जळी किंवा एकभुक्त उपास यंदा नको. उपाशीपोटी माझं हमखास उठतं.

शमा_नाशिक
दूध-फळं घेऊन करेन, सासूबाईंशी बोलले. जेल लावायचं कसं, तेवढं सांगा.

काउंटरमागून
दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर, कोरड्या कातडीवर पातळ पसरायचं, चोळायचं नाही. छातीवर कधीच नाही. पूर्ण वाळेपर्यंत कपडा घालू नका, तासभर तिथे पाणी नको. हात साबणाने धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर तो भाग झाकलेला ठेवा. सगळ्या दुकानांत ते नसतं, बाटली संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा.