लॉक-इन संपायच्या आधी भाड्याचं घर सोडायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यात भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्स करार 24 महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. पहिले 12 महिने लॉक-इन (म्हणजे तेवढ्यात घर सोडायचं नाही), पुढे एक महिन्याची नोटीस. लॉक-इनचे पाच महिने बाकी आहेत.

वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये झिरपतंय. पोपडे गादीवर पडतात आणि आता ओल स्विचबोर्डापर्यंत आली आहे. घरमालक म्हणतात सोसायटीचं काम, सेक्रेटरी म्हणतात दोन फ्लॅटवाल्यांनी आपसात बघा, वरचे तर फोनच उचलत नाहीत.

सोडतो म्हटलं तर घरमालक काका (एरवी माणूस वाईट नाही) म्हणाले, पाच महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेईन. असं कापता येतं का? एक मित्र म्हणतो, भाडं देणंच बंद कर. करू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
भाडं अजिबात थांबवू नका. एकदा ते थकलं की गळती राहते बाजूला आणि थकबाकीदार तुम्ही ठरता.

कापण्याबद्दल: करारात आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप मिळत नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 74 बघा. कोर्ट वाजवी भरपाई देतं, ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा. महिन्याभरात नवा भाडेकरू आला तर पाच महिन्यांचं नुकसान दाखवणार कुठून? तेव्हा भाडेकरू शोधून द्यायची तयारी लेखी कळवा. अर्थात लॉक-इन अगदीच पोकळ असतं असंही नाही. एखाद्या महिन्यावर तडजोड झाली तर मी तरी घेईन.

कुणी मालमत्ता हस्तांतरण कायद्याची कलमं दाखवली तर जपून. ती भाडेपट्ट्याची. तुमच्याकडे लायसन्स, म्हणजे नुसती वापराची परवानगी, त्यामुळे करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि फोनवर बोलणं पुरे. फोटो जोडून ईमेल करा, स्पीड पोस्टानेही पाठवा, इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड धोकादायक असल्याचं लिहून घ्या.

धागाकर्ता:
करार काढून पाहिला. गळती आणि ड्रेनेजची दुरुस्ती मालकाकडे, असं स्वच्छ लिहिलंय! आज ईमेल करतो. डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ली द्यायची नाही, हे चालेल का?

प्रतिसाद २:
मग तुमची बाजू बरीच भक्कम आहे. दुरुस्तीला ठरावीक मुदत द्या, नाही झाली तर त्याच कारणाने सोडतोय असं नोटिशीत लिहा.

किल्ली आणि डिपॉझिट एकाच बैठकीत. मीटर रीडिंगचा फोटो, रिकाम्या घराचा व्हिडिओ आणि करार रद्द झाल्याचा दोघांच्या सहीचा कागद, एवढं झाल्याशिवाय उठू नका. पण घर अडवून बसायच्या फंदात पडू नका. लायसन्सची मुदत उलटल्यावरही राहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 24 प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते.