जुन्या पिकअपवरचं ‘स्मॉग’चं सामान: ठेवावं की उपटावं?

फ्रेमाँटकर:
१९७८ ची फोर्ड एफ-१५० घेतली. ३०० क्युबिक इंची, एका ओळीत सहा सिलिंडर. चालते झकास, पण बॉनेट उघडलं की व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नुसता गुंता. निम्म्या तडकलेल्या, काहींच्या तोंडात स्क्रू कोंबलेले. पट्ट्यावर फिरणारा एक पंप, कार्ब्युरेटरच्या बुडाशी उपड्या बशीसारखा व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटजवळ तीन नळ्यांचं पितळी काहीतरी आणि कोपऱ्यात काळा डबा. मेकॅनिक म्हणतो, सगळं उपटून टाक. काय करू?

टेक्सासचे तात्या:
बरोबर बोलतोय तो. हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि कंपन्यांनी जुन्याच इंजिनांवर प्रदूषण कमी करणारं हे सामान डकवलं. पंप म्हणजे फोर्डचा थर्मॅक्टर. एक्झॉस्ट पोर्टात हवा सोडतो, न जळलेलं पेट्रोल तिथे जळतं. इंजिनाला काडीचा फायदा नाही, वर ताकद खातो. काढा आणि हेडमधल्या भोकांना बूच मारा. कंपनीला तरी हे कुठे हवं होतं? १९७५ ला एफ-१५० काढली तीच मुळी मालासकटचं एकूण वजन ६,००० पौंडांच्या वर नेऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, टाळायला!

तिरका_पाना:
तात्या, फ्रेमाँट कॅलिफोर्नियात आहे हो. तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सूट, १९७६ पासून पुढच्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे सक्तीची प्रदूषण तपासणी. धूर कितीही स्वच्छ असो, बॉनेटखाली पंप दिसला नाही तर नापास.

कोथरूडचा_जीपवाला:
बॉनेट उघडून बघतात? आमच्या पीयूसीला नळी सायलेन्सरात गेली की काम संपलं. कधीकधी तीही जात नाही.

तिरका_पाना:
फ्रेमाँटकर, काढण्याआधी ओळखा तरी. काळा डबा म्हणजे कोळशाचा कॅनिस्टर, टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवतो. तो ताकद खात नाही, फेकलात तर गॅरेजभर वास. उपडी बशी म्हणजे ईजीआर. थोडा एक्झॉस्ट परत सिलिंडरमध्ये नेऊन ज्वलनाचं तापमान खाली आणतो, म्हणून नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. आयडलिंगला हाताच्या व्हॅक्यूम पंपाने उचलून बघा. इंजिन अडखळलं तर जिवंत आहे, काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह तरी गेलाय किंवा वाट कार्बनने बुजलीय.
आणि ते पितळी बहुतेक तापमानाचा व्हॅक्यूम स्विच. ट्रॅफिकमध्ये पाणी फार तापलं की डिस्ट्रिब्युटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम (इंजिनाची ओढ) देतो, टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी आधी पडते, आयडलिंग वाढतं, इंजिन थंड व्हायला मदत होते. स्मॉगचा कचरा म्हणून लोक तोही काढतात आणि मग रेडिएटरला शिव्या घालतात.

टेक्सासचे तात्या:
स्विच राहू द्या, मान्य. पण ईजीआर कशाला? काढा आणि टायमिंग जरा मागे घ्या.

तिरका_पाना:
मागे घ्यावं लागेलच, कारण टायमिंगचं कारखान्याचं अ‍ॅडव्हान्स ईजीआर धरून ठरवलंय. नुसता बूच मारलात की चढावर खडखड नॉकिंग. टायमिंग मागे घेतलंत की मायलेज गेलं. मग कमावलं काय?

टेक्सासचे तात्या:
साधेपणा! पंचेचाळीस वर्षं जुने डायफ्रॅम, म्हणजे व्हॉल्व्हमधले पडदे, शोधत कोण बसणार? मूळ भाग मिळतात तरी का?

सॅक्रामेंटोची_सुमा:
खरंच मिळत नसतील तर स्मॉग चेकच्या रेफरीकडे, म्हणजे अडलेली प्रकरणं बघणाऱ्या केंद्राकडे, जाऊन त्या भागापुरती सूट मागता येते. मात्र आधी शोधल्याचं दाखवावं लागतं. फ्रेमाँटकर, बॉनेटखाली उत्सर्जनाचं स्टिकर आहे का? कोणत्या गाडीला काय लागू, ते त्यावरूनच कळतं.

फ्रेमाँटकर:
आहे, अर्धं सोललंय. ईजीआर आणि एअर पंप वाचता येतंय. कॅलिफोर्नियाचा उल्लेख कुठे दिसत नाही.

सॅक्रामेंटोची_सुमा:
मग बहुधा बाहेरच्या राज्यात विकलेली गाडी. ती तिच्या स्टिकरप्रमाणे तपासतील. फोटो काढून ठेवा आणि नळ्या एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका.

टेक्सासचे तात्या:
बदला बापडे. पंपाचं बेअरिंग किंचाळायला लागलं की या इकडे, बूच मी पाठवतो.