चर्चा: जंगलाच्या समितीत निम्म्या बाया हव्यात का?

रानवाट:
२०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्क नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. गावाचे जंगलावरच्या हक्काचे दावे तपासणाऱ्या दहा ते पंधरा जणांच्या वनहक्क समितीतही तेवढाच वाटा. पण दावा मंजूर झाल्यावर जंगल सांभाळते ती नियम ४(१)(ई) ची, म्हणजे ग्रामसभेने जंगल राखायला नेमलेली दुसरी समिती. जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा तिच्याकडे, तेंदू-मोहासारख्या गौण वनोपजाचा वाहतूक परवानाही तिच्याकडे; महिलांचा वाटा मात्र तिथे लिहिलेलाच नाही. ग्रामसभेने ठराव करून निम्म्या बाया घ्याव्यात आणि समितीच्या बँक खात्यावरची एक सही बाईचीच ठेवावी.

फळीवरून:
मला पटत नाही. जागा वाढवल्या की नुसती नावं भरतात. बैठक ऐन स्वयंपाकाच्या वेळी, मग रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे. मूळ दुखणं पैशाचं आहे. पहाटे तेंदूची पानं तोडते ती, सत्तर पानांचा पुडा बांधते ती, आणि पानं विकायच्या कार्डावर नाव नवऱ्याचं. बोनसही त्याच्याच खात्यात. आधी कार्ड तिच्या नावावर करा. पुडे मोजून घेतात त्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजताना एक बाई बसवा, कारण 'खराब पान' म्हणून पुडे बाद होतात ते तिथेच.

मोहाखाली:
कार्डाचं खरं आहे, पण कार्ड कुणाच्या नावावर हे ठरवणार कोण? म्हणून समिती आधी. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आग रानात शिरते, कोवळी रोपं जातात. नुसत्या बंदीच्या ठरावाने हे थांबत नाही, वेचणारीची अडचण तशीच राहते. झाडाखाली जमिनीपासून वर जाळी ताणली तर फूल मातीला लागत नाही आणि पाला जाळायची गरज उरत नाही. जाळीचा खर्च आराखड्यात धरायचा तर तिथे वेचणारी हवी, आणि एकटी नको. गुजरात व नेपाळमधल्या वनसमित्यांच्या, अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी केलेल्या अभ्यासात पाव ते एक तृतीयांश बाया असल्या की त्या बोलू लागतात, असं दिसलं आहे.

फळीवरून:
मग एक तृतीयांश पुरे की! निम्म्याचा आग्रह कशाला? आणि रोपं वाचवायला जंगलाचा भाग बंद केला की सरपणासाठी लांबची पायपीट बाईलाच. ठरावावर सही तिची असली तरी भारा काही हलका होत नाही.

रानवाट:
पंधरात पाच बाया, त्यातल्या दोघी हंगामात आल्या नाहीत की तीनच उरतात. ही गळती धरूनच निम्म्या म्हणतो. सरपणाचा मुद्दा मान्य. बंदीच्या ठरावातच लिहावं: सुकी लाकडं कुठल्या भागातून, कुठल्या वारी आणायची.