१ थेस्सलनीकाकरांस ५:२३-२४ : देव ‘करीलच’, मग आपण काय करायचं?

बुधवारचा_गट
येत्या बायबल अभ्यासात पौलाच्या या पत्रातला हा भाग घ्यायचाय, वेळ ४० मिनिटं. पवित्र करणाराही देव, राखणाराही देव, म्हटल्यावर तरुण विचारणारच की मग आम्ही हातपाय कशाला हलवायचे? आणि मंडळी (चर्च) सोडून गेलेल्यांचं काय? सुरुवात कुठून करू?

जुनी_वही
२३ पासून सुरू करू नका, घोटाळा तिथेच होतो. १६ ते २४ एका दमात मोठ्याने वाचून घ्या. १६ ते २२ मध्ये आठ आज्ञा आहेत. आनंदी राहा, प्रार्थना करा, आत्म्याला विझवू नका, सगळ्याची पारख करा वगैरे. २३ ला क्रियापदं बदलतात: ‘पवित्र करो’, ‘राखली जावोत’. हे आशीर्वादाचं रूप, ग्रीकमध्येही इच्छार्थकच आहे. २४ ला थेट भविष्यकाळ, ‘करीलच’. फळ्यावर तीन रकाने आखा: करा, करो, करील. मग फिलिप्पै २:१२-१३ जोडा. तारण (पापापासून सुटका) साधून घ्या, ‘कारण’ इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. तो ‘कारण’ अधोरेखित करा.

२३ मधल्या आत्मा, जीव, शरीर यावरून माणसाचे भाग दोन की तीन या वादात शिरलात, तर ४० मिनिटं गेलीच म्हणून समजा.

फक्त_संदर्भ
यात याच पत्रातलं ३:५ हवंच. ‘करीलच’ लिहिणारा हाच पौल तिथे धास्तावलाय, भुलवणाऱ्याने यांना भुलवलं तर नाही ना, म्हणून तीमथ्याला पाठवून खबर काढतो. देव राखतो तो अशा माणसांकरवी. १ करिंथ १०:१३ मध्येही देव विश्वसनीय आहे, पण हमी मोह येणार नाही अशी नाही; निभावून नेणाऱ्या वाटेची आहे. आणि त्याआधीच्या १२ मध्ये ‘पडू नये म्हणून जपा’ आहेच.

सोडून गेलेल्यांबद्दल मंडळ्यांत एकमत नाही. डॉर्टच्या सिनॉडची (१६१८-१९ ची नेदरलँड्समधली धर्मसभा) शिकवण मानणारे १ योहान २:१९ दाखवतात: खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो. जॉन वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेतले इब्री ६:४-६ वरून पतन शक्य मानतात. आपल्या पाळकांना आधी विचारून घ्या, आणि गटात कोणाचंही नाव निघू देऊ नका.

बुधवारचा_गट
फळा नाही, चार्ट पेपर लावतो. ‘एकदा तारण म्हणजे कायमचं, आता कसंही वागा’ असं कोणी म्हणालं तर?

जुनी_वही
त्यालाच याच पत्रातलं ४:३ ते ८, म्हणजे पवित्र राहा असं सांगणारा भाग, वाचायला लावा. मध्ये थांबू देऊ नका, ८ वं वचन सगळ्यात जड आहे.