काउंटीत घर बांधायचंय, परमिटची सुरुवात कुठून?

प्रश्न: अमेरिकेत शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग), ५ एकर जागा घेतलीय, ना ड्रेनेज लाइन ना नळाचं पाणी, घराचं ड्रॉइंग रेडी आहे, तर डायरेक्ट बिल्डिंग परमिटला अर्ज टाकू का?

उत्तर १: थांबा! आधी सेप्टिक (सांडपाण्याची टाकी आणि ते जमिनीत मुरवायची सोय). बऱ्याच काउंटीत हेल्थ डिपार्टमेंटची मंजुरी नसेल तर बिल्डिंगवाले फाइल पुढे सरकवतच नाहीत. खड्डा करून पाणी किती वेगाने मुरतं ते बघतात, चिकणमाती निघाली की ड्रेनफिल्डची (टाकीतलं पाणी जिथे मुरतं ती जागा) जागा बदलते, मग बोअर सरकते, मग घर सरकतं आणि तुमचं रेडी ड्रॉइंग गेलं कचऱ्यात (आमचं दोनदा गेलं).

उत्तर २: +१. झोनिंगला (कुठे काय बांधता येईल ते ठरवणारं खातं) पण फोन करून सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून किती जागा सोडायची ते, विचारा.

प्रश्नकर्ता: बापरे. सामान ठेवायला छोटी शेड आधी टाकली तर चालेल ना?

उत्तर १: मॉडेल कोडप्रमाणे (काउंटी जिच्यावरून आपले नियम बनवतात ती नमुना बांधकाम नियमावली) २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली सुट्या शेडला परमिट लागत नाही, पण काउंटी आपापले बदल करते आणि सेटबॅक तरीही पाळावा लागतोच. आणि हो, परमिट हातात आल्यावर निवांत बसू नका, साधारण १८० दिवसांत काम सुरू झालं नाही तर ते बाद होतं.