उंबरखिंडीचे फोटो: वाइड लेन्स घेऊ का?

रानवाटा: दोनदा जाऊन आलो. स्मारकाचे फोटो ठीक आलेत, पण खिंड म्हणून जे काढलं ते कुठलंही रान वाटतं. मोगल सरदार करतलबखानाला शिवाजी महाराजांनी इथे कसं कोंडलं, ते फोटोत दिसायला हवं. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, लेन्स १८-५५ आणि ५५-२५० एमएम. जास्त रुंद दृश्य टिपणारी वाइड घ्यावी का?

कातळटोपी: पैसे वाचवा. १८ वरच सह्याद्रीची भिंत पार खुजी दिसते, त्याहून वाइडवर तर विचारूच नका. उलट पश्चिमेकडे जमेल तेवढं मागे सरका आणि ५५-२५० लावा. दीडशेच्या पुढे मागचा कडा झाडांच्या डोक्यावर येऊन उभा राहतो. खानाची फौज घाटावरून खाली उतरली आणि मागे ही भिंत राहिली, म्हणजे भिंत मोठी दिसलीच पाहिजे. सकाळी जाऊ नका. सूर्य कड्यामागून वर येतो, त्यामुळे कडा नुसता काळा ठोकळा दिसतो. दुपारी चारनंतर ऊन समोरून पडतं आणि एकेक घळ सुटी होते.

चकवा: पावसाळ्यात जा, हिरवंगार मिळेल!

कातळटोपी: हिरवंगार मिळेल, लढाई नाही मिळणार :) ती २ फेब्रुवारी १६६१ ची. तेव्हा पानगळ लागलेली असते, झाडीच्या आतले चढउतार दिसतात. महाराजांची माणसं दोन्ही बाजूंना कुठे दबा धरून बसली असतील, याचा अंदाज तेव्हाच येतो. फक्त २ तारखेला विजयदिनाची गर्दी असते, आठवडाभराने जा. वणव्याचा धूर असेल तर मात्र लांबची लेन्स पिशवीतच ठेवा.

घाटवळण: वर घाटमाथ्यावर कुरवंड्याला, नागफणीच्या कड्याच्या बाजूलाही जाऊन या. खान वरून आला ना, मग एक फोटो त्याच्या नजरेतून हवाच. खालचं रान वरून अगदी सपाट, निरुपद्रवी दिसतं. हा फोटो आणि खालचा, जोडीने लावा. कड्याच्या टोकाशी वारा फार असतो, ट्रायपॉडला पिशवी अडकवा.

रानवाटा: काल जाऊन आलो. २१० एमएम, एफ/८, संध्याकाळी पाच. मित्राला लाल शर्टात वाटेवर उभं केलं, तो मुंगीएवढा आलाय आणि कडा एकदम अंगावर येतो! फक्त वर उजवीकडे विजेची तार आलीय. खोडून टाकू?

कातळटोपी: आता टाका खोडून. पण दोन पावलं डावीकडे सरकला असतात तर ती फांदीमागे गेली असती.